गोष्ट सांगा, निकाल देऊ नका

नाटकांच्या कुमार आवृत्त्यांचा, म्हणजे मुलांसाठी गोष्टीरूपात लिहिलेल्या नाटकांचा, विषय निघाला की दोन ठरलेले पक्ष समोरासमोर येतात. पहिला पक्ष म्हणतो, अभिजात नाटकाला हात लावू नका. शेक्सपिअर असो की गडकरी, वाचायचा तर अख्खा वाचावा, झेपत नसेल तर वय वाढेपर्यंत थांबावं. दुसरा पक्ष म्हणतो, मुलं मुळात वाचत नाहीत, निदान कथानक तरी कानावरून जाऊ द्या. भाषा सोपी करा, पात्रं कमी करा, दहा पानांत बसवा. इतकं कडाकडा भांडणाऱ्या या दोघांचं एका बाबतीत मात्र पूर्ण एकमत असतं: गद्य गोष्ट म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं नाटक. एकाला त्या पाण्याचा विटाळ होतो, दुसऱ्याला ते पथ्य वाटतं. सगळा वाद पाणी किती घालायचं एवढ्यावर येऊन ठेपतो, आणि गोष्ट सांगणं म्हणजे नेमकं काय करणं, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. नाटकं मुलांना गोष्टीच्या रूपात सांगावीत, बिचकत न सांगावीत, आणि दहा-बाराव्या वर्षीच सांगावीत. शोकान्त असतील तर शोकान्तच सांगावीत. धोका आहे, पण तो भाषेच्या सोपेपणात नाही. नाटकाला निवेदक नसतो, गोष्टीला असतो, हे धोक्याचं मूळ आहे. नाटककार रंगमंचाच्या कडेला उभा राहून ‘हा माणूस दुष्ट आहे बरं का’ असं सांगत नाही. तो माणसाला बोलायला लावतो, वागायला लावतो आणि न्याय करण्याचं काम आपल्यावर सोडून देतो. तेच नाटक गद्यात आलं की एक आवाज त्यात शिरतो. त्या आवाजाला गप्प राहणं जमत नाही. मुलांशी बोलताना तर मुळीच जमत नाही. तो कारणं सांगतो, विशेषणं लावतो, पहिल्याच परिच्छेदात निकाल देऊन टाकतो. पुनर्कथनाने नाटकाचं खरं नुकसान होतं ते तिथे. शब्द सोपे केल्याने नाटक मरत नाही, उघडा ठेवलेला प्रश्न मिटवल्याने मरतं.

उदाहरण या प्रकारातल्या सगळ्यांत यशस्वी पुस्तकाचंच घेऊ. चार्ल्स आणि मेरी लॅम या भावंडांनी १८०७ मध्ये शेक्सपिअरची वीस नाटकं मुलांसाठी गोष्टीरूपात लिहिली. दोनशेहून अधिक वर्षं ते पुस्तक वाचलं जातंय. त्यातली ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ची गोष्ट कशी सुरू होते? शायलॉक नावाचा यहुदी व्हेनिसमध्ये राहत होता, तो सावकार होता, कठोर मनाचा होता आणि सगळी भली माणसं त्याला नापसंत करत. त्यापाठोपाठ येतो अँटोनिओ, जगातला सर्वांत दयाळू माणूस. झालं. खटला उभा राहण्याआधीच निकाल लागला. पुढे लॅम भावंडांनी शायलॉकचं ते प्रसिद्ध गाऱ्हाणं प्रामाणिकपणे जवळजवळ मूळ शब्दांत दिलंय: तू मला कुत्रा म्हणालास, माझ्या अंगरख्यावर थुंकलास, लाथ मारलीस, आणि आता माझ्याकडे पैसे मागायला येतोस? शब्द तेच आहेत, पण वाचणाऱ्या मुलाच्या मनाला ते टोचत नाहीत, कारण बोलणारा वाईट आहे हे त्याला पानभर आधीच कळलंय. ‘यहुद्याला डोळे नसतात का? टोचलं तर आमच्या अंगातून रक्त येत नाही का?’ हे तिसऱ्या अंकातलं भाषण तर त्या गोष्टीत आलेलंच नाही. नाटकात प्रेक्षकाची मान खाली घालायला लावणारी जी एकमेव जागा, तीच गेली. भाषा अवघड होती म्हणून गेली असेल? त्या भाषणाची वाक्यं इतकी साधी आहेत की आठ वर्षांच्या मुलालाही कळावीत. निवेदकाने आधी दिलेल्या निकालाशी ते भाषण जुळणारं नव्हतं. मेरी लॅमच्या मनात नेमकं काय होतं हा दावा मी करत नाही. पण गोष्टीच्या रचनेत त्या भाषणाला जागाच उरली नव्हती, हे तर पानावर दिसतंच.

आता विरोधकांचा सर्वांत जोरदार मुद्दा घेते, कारण तो टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. ते म्हणतात, शेक्सपिअरने कथानकं उसनी घेतली. ‘ऑथेल्लो’ चिंथिओ या इटालियन लेखकाच्या गोष्टीतून, ‘अ‍ॅज यू लाइक इट’ टॉमस लॉजच्या गद्य कादंबरिकेतून, ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आर्थर ब्रूकच्या दीर्घ कवितेतून. कालिदासाने शकुंतला महाभारताच्या आदिपर्वातून घेतली. मग नाटककाराचं स्वतःचं काय? भाषा. ती काढून घेतली की हातात उरतं ते नेमकं त्याचं नसलेलं. मुलांना ‘शेक्सपिअर’ म्हणून आपण जे देतो ते शेक्सपिअरने दुसऱ्याकडून आणलेलं सामान असतं.

मुद्दा बिनतोड वाटतो, आणि अर्धा खराही आहे. भाषा गेली की मोठी वस्तू जाते. हॅम्लेटची स्वगतं सारांशात मावत नाहीत, गडकऱ्यांच्या वाक्यांचा डौल सोप्या मराठीत उतरत नाही. पण ‘भाषा वगळता बाकी उसनं’ हे विधान तपासून पाहिलं की ढासळतं. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला विसरलेला नाही. तो सगळं आठवत असताना भर दरबारात तिला नाकारतो, आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो आणि वर खुलासा करतो की नुसत्या तुझ्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता. दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी या दोन गोष्टी कालिदासाने आणल्या. त्यातून खोटं बोलणारा राजा विसरलेला राजा झाला, आणि अपराधाच्या गोष्टीची स्मृतीची गोष्ट झाली. हा बदल भाषेतला आहे का? तो रचनेतला आहे, आणि रचना गद्यातही सांगता येते. बारा वर्षांच्या मुलीला दोन्ही शकुंतला शेजारी शेजारी सांगून बघा. ‘मग खरा दुष्यंत कुठला?’ हा तिचा पहिला प्रश्न असेल. साहित्याबद्दल याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही, आणि तो विचारायला संस्कृत यावं लागत नाही.

लिअरची कथा तर अधिक बोलकी आहे. शेक्सपिअरच्या आधी इंग्लंडमध्ये राजा लिअरवरचं एक जुनं नाटक होतं, १६०५ मध्ये छापलेलं. त्याचा शेवट सुखाचा होता. राजाला राज्य परत मिळायचं, धाकटी मुलगी कॉर्डेलिया जिवंत राहायची. शेक्सपिअरने तिला मारलं आणि तिचं प्रेत म्हाताऱ्या बापाच्या हातांत दिलं. हा निर्णय त्याचा स्वतःचा, कुणाकडून उसना आणलेला नाही. प्रेक्षकांच्या पुढच्या पिढ्यांना तो सोसवला नाही. १६८१ मध्ये नेहम टेट या कवीने नाटक नव्याने बेतलं: कॉर्डेलिया वाचते, एडगर या सरदारपुत्राशी तिचं लग्न होतं, लिअर गादीवर बसतो, विदूषक नाटकातून बाद होतो. सॅम्युएल जॉन्सनसारख्या करड्या समीक्षकालाही कॉर्डेलियाचं मरण इतकं असह्य झालं होतं की संपादनाचं काम अंगावर पडेपर्यंत त्याने तो शेवट पुन्हा वाचला नाही. जवळजवळ दीडशे वर्षं इंग्लंडचा रंगमंच टेटचा लिअर दाखवत राहिला. एडमंड कीन या नटाने १८२३ मध्ये मूळ शेवटाचा प्रयत्न केला, पण विदूषकासकट शेक्सपिअरचा लिअर रंगमंचावर परतला तो १८३८ मध्ये, मॅक्रेडी या नटाच्या प्रयोगात.

याच दीडशे वर्षांच्या काळात, १८०७ मध्ये, लॅम भावंडांचं ते मुलांचं पुस्तक येतं. त्यात कॉर्डेलिया मरते. विदूषकही आहे, वादळात राजाच्या सोबत आहे. म्हणजे त्या काळी लंडनच्या थिएटरात तिकीट काढून बसलेले मोठे लोक गोड केलेलं, खोटं नाटक बघत होते, आणि घरात गोष्टीचं पुस्तक वाचणाऱ्या मुलीला खरा शेवट कळत होता. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या वेडेपणामुळे १८११ ते १८२० या काळात तर ‘लिअर’ लंडनच्या रंगमंचावर आलंच नाही, तेव्हाही हे पुस्तक होतं. ‘मूळ नाटकाचा प्रयोग बघावा, पुनर्कथन म्हणजे भेसळ’ असं सरसकट म्हणणाऱ्यांना मला हेच विचारायचंय: त्या दीडशे वर्षांत भेसळ कुठे होती, आणि मूळ कुठे होतं?

याच पुस्तकाबद्दल आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रस्तावनेत लेखक म्हणतात की पुस्तक विशेषकरून मुलींसाठी आहे, कारण मुलग्यांना वडिलांच्या पुस्तकसंग्रहाची मोकळीक लवकर मिळते, मुलींना मिळत नाही. वीसपैकी चौदा गोष्टी मेरीने लिहिल्या होत्या, पण पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकपानावर नाव एकट्या चार्ल्सचं होतं. मूळ तेच वाचा, असा आग्रह धरताना ‘मूळ’ कुणाच्या हाताशी आहे, हा प्रश्न आपण सहज विसरतो. पुनर्कथन हे बहुतेक वेळा दाराबाहेर ठेवलेल्यांसाठी लिहिलं गेलंय, आणि बहुतेक वेळा दाराबाहेर ठेवलेल्यांनीच लिहिलंय.

दुसरा आक्षेप रंगकर्मींचा असतो आणि त्यात कळकळ असते. नाटक ही बघायची गोष्ट आहे, ते म्हणतात. नटाचा श्वास, प्रकाश, शेजारच्या खुर्चीतला हुंदका, हे कागदावर कुठून आणणार? मुलांना पुस्तक देऊ नका, प्रयोगाला न्या. मला हे मनापासून मान्य आहे. बालरंगभूमीवर ज्यांनी आयुष्य घालवलं त्यांच्या कामाला पर्याय म्हणून कुठलंही पुस्तक पुढे करू नये. पण प्रयोगाला न्या म्हणताना प्रयोग होतोय हे गृहीत धरलेलं असतं. ‘ईडिपस’चा किंवा ‘एकच प्याला’चा प्रयोग मुलाच्या बाराव्या वर्षी, त्याच्या गावात, त्याच्या भाषेत होईल याची हमी कोण देतं? शिवाय नाटकाची ताकद प्रयोगाबाहेर उरतच नाही हे ऐकायला भारी वाटलं तरी नाट्यशास्त्राच्या थोरल्या जाणकारांना ते पटलेलं नव्हतं. अ‍ॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त स्पष्ट म्हटलंय की कथानक असं बांधलेलं हवं की प्रयोग न बघता नुसता घटनाक्रम ऐकणाऱ्यालाही कापरं भरावं आणि कणव यावी, आणि उदाहरण म्हणून त्याने ईडिपसची गोष्टच दिली आहे. खुद्द चार्ल्स लॅमने १८११ मध्ये एका निबंधात लिहिलं की शेक्सपिअरच्या शोकान्तिका रंगमंचापेक्षा वाचनातच खऱ्या उभ्या राहतात, लिअर तर करून दाखवताच येत नाही. इतकं टोक मला मान्य नाही. टेटचा लिअर बघून बघून कंटाळलेल्या माणसाचं ते मत आहे, हे लक्षात ठेवूनच ते वाचायला हवं.

आपल्याकडे तर सांगणं आणि दाखवणं यांच्यात भिंत कधी नव्हतीच. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा आख्यानाची पदं सूत्रधार गात असे आणि त्या धाग्यावर पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी रचून बोलत. मराठी नाटक जन्मालाच आलं ते एका सांगणाऱ्याला सोबत घेऊन. १८८० च्या ‘शाकुंतला’त किर्लोस्करांनी पदं पात्रांच्याच गळ्यात दिली आणि सूत्रधार मागे सरला. त्याही आधीपासून कीर्तनकार उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, एकटा उभा राहून आख्यान लावत होता. तोच राजा, तीच राणी, तोच द्वारपाल. तो गोष्ट सांगतो आणि सांगता सांगता पात्र होऊन बोलतो. द्रौपदीचा प्रश्न द्रौपदीच्या आवाजात येतो, आणि त्या क्षणी बुवा निवेदक राहत नाहीत. नाटकाची गोष्ट लिहिणाऱ्याला शिकायचं असेल तर ते इथे आहे. कुठे सांगायचं, आणि कुठे सांगणं थांबवून पात्राला बोलू द्यायचं. आज छापल्या जाणाऱ्या कुमार आवृत्त्यांत मला हीच जाण दिसत नाही. सगळं सांगितलेलं असतं. ‘त्याला फार राग आला.’ ‘तिला अतिशय वाईट वाटलं.’ ज्या वाक्याने राग आला ते वाक्यच नसतं.

म्हणून भाषेबद्दलही माझं म्हणणं दोन्ही पक्षांपेक्षा वेगळं आहे. निवेदन साधं असावं, अगदी साधं. पण पात्राच्या तोंडचं मोक्याचं वाक्य जसंच्या तसं, अवघड असलं तरी अवघडच ठेवावं. मुलांना न कळलेला शब्द घाबरवत नाही. तो त्यांच्या तोंडात बसतो, ते घरभर म्हणत हिंडतात, अर्थ चार वर्षांनी येतो. संपूर्ण पान कळेनासं झालं की मात्र मूल पुस्तक मिटतं. एका पानावर एकच दणदणीत वाक्य मूळचं असलं तर त्या वाक्यासाठी ते पान लक्षात राहतं, आणि पुढे कधीतरी मूळ नाटक हातात आल्यावर ओळखीचा माणूस भेटावा तसं ते भेटतं.

तिसरा आक्षेप पालकांचा आणि शिक्षकांचा: विषय मुलांच्या वयाचे नाहीत. खून, व्यभिचार, दारू, आत्महत्या. इथे इतिहासातला एक योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. १८०७ मध्येच, लॅम भावंडांच्याच वर्षी, इंग्लंडात ‘फॅमिली शेक्सपिअर’ नावाचं दुसरं पुस्तक आलं. हेन्रिएटा बाउडलर या बाईने निनावी काढलेलं. त्यातही वीस नाटकं. १८१८ मध्ये तिचा भाऊ टॉमस याने ते दहा खंडांत वाढवून स्वतःच्या नावाने काढलं. कल्पना अशी की नाटकाची संहिता ठेवायची, पण कुटुंबात मोठ्याने वाचताना संकोच वाटेल असे शब्द आणि ओळी काढून टाकायच्या. आज इंग्रजीत बाउडलरच्या आडनावावरून क्रियापद झालंय, आणि त्याचा अर्थ कातरून कातरून निःसत्त्व करणं. एकाच वर्षीची दोन पुस्तकं. एकाने मूळ संहिता ‘जपली’ आणि आतून कातरली. दुसऱ्याने संहिता सोडून दिली आणि गोष्ट नव्याने, स्वतःच्या जबाबदारीवर सांगितली. मूळ भाषेशी निष्ठा म्हणजेच नाटकाशी निष्ठा, असं मानणाऱ्यांनी या जोडीकडे जरूर बघावं.

विषयांचं म्हणाल तर ‘एकच प्याला’ घ्या. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि त्याच वर्षी, त्यांच्या मागे, नाटक रंगमंचावर आलं. दारूने घर धुळीला मिळण्याची ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलाला सांगावी का? ज्या घरात सुधाकर, म्हणजे नाटकातल्या नायकासारखा दारूत बुडालेला बाप, आहे त्या घरातल्या मुलाला ती आधीच माहीत असते, फक्त तिला शब्द नसतात. ज्या घरात नाही त्या घरातलं मूल शेजारच्या बाकावरच्या मुलाला ओळखायला शिकेल. म्हणजे प्रश्न ‘सांगावी का’ असा उरत नाही, ‘कशी’ असा उरतो. आणि इथेच बहुतेक पुनर्कथनकार घसरतात. त्यांना सुधाकराची बायको सिंधू हवी असते, तिचं सोसणं हवं असतं, शेवटचा विषाचा पेला हवा असतो. तळीरामाचं काय करावं ते त्यांना समजत नाही. आर्यमदिरामंडळ या दारूबाजांच्या मंडळातले विनोद म्हणजे त्यांना विषयांतर वाटतं. मग ते प्रसंग गळतात आणि तळीराम उरतो तो फक्त सुधाकराला बिघडवणारा कारकून, एक लहानसा खलनायक. पण नाटकात पोट धरून हसवणारा माणूस आणि पहिला प्याला पुढे करणारा माणूस एकच आहे! गडकऱ्यांना दारूबद्दल जे सांगायचंय ते तिथे आहे: ती वाईट माणसाकडून, अंधारात, घाबरवत येत नाही, ती गमत्या माणसाकडून हसत हसत येते. विनोद काढला की मुलाला मिळतो तो एक धडा, ‘दारू वाईट’, जो त्याला भिंतीवरच्या पाटीवरूनही मिळतो. विनोद ठेवला तर तो तळीरामावर हसेल, आणि आपण कुणावर हसलो हे त्याला पुढे आठवेल.

विनोद गाळण्याची ही खोड जुनी आहे. लॅमच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये बॉटम विणकर हा नुसता एक वाट चुकलेला गावंढळ होऊन बसलाय. त्याच्या सोबतचे कारागीर, त्यांची तालीम, राजासमोरचा त्यांचा तो अडखळता प्रयोग, सगळं गेलं. मुलांना त्या नाटकात सर्वांत जवळचं काय वाटेल? नाटक बसवता न येणारी, पण जीव तोडून बसवणारी मंडळीच ना? शाळेच्या स्नेहसंमेलनात झाडाची भूमिका केलेल्या प्रत्येक मुलाचं ते आत्मचरित्र आहे.

घटनांच्या क्रमाबद्दलही थोडं. ‘ईडिपस’ सांगायला बसलं की माणूस जन्मापासून सुरुवात करतो: भविष्यवाणी झाली, बाळाला डोंगरावर टाकलं, गुराख्याने वाचवलं, मोठा झाला, वाटेत एका म्हाताऱ्याला मारलं आणि तो त्याचाच बाप निघाला. सांगायला सोपं, पण हे ग्रीक नाटककार सोफोक्लिसचं नाटक नव्हे. त्याने नाटक सुरू केलंय रोगराईने गांजलेल्या थीब्समध्ये, सगळं घडून गेल्यावर. राजा ईडिपस आधीच्या राजाचा खुनी शोधून काढण्याची शपथ घेतो आणि साक्षीदार एकेक करून येतात. कोरिंथचा दूत चांगली बातमी म्हणून जे सांगतो त्यानेच फास आवळला जातो. जन्मापासून सांगितलं की उरते नशिबाची एक दंतकथा. तपासाच्या क्रमाने सांगितलं तर मूल राजाच्या पुढे धावतं, त्याला राजाच्या आधी कळतं, आणि ‘थांब, आता विचारू नकोस’ असं त्याला वाटू लागतं. रहस्यकथा वाचणाऱ्या मुलांना हा क्रम अवघड जाईल असं समजणं हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे.

शेवट बदलण्याचा मोह उघडपणे फार थोड्यांना होतो, पण गुळगुळीत करण्याचा जवळजवळ सगळ्यांना होतो. देवलांची ‘शारदा’ १८९९ ची. पाऊणशे वयाच्या भुजंगनाथाशी कोवळ्या मुलीचं लग्न तिचाच बाप पैशासाठी ठरवतो. कुमार वाचकांसाठी याहून जवळचं जुनं मराठी नाटक नाही, कारण नायिका त्यांच्याच वयाच्या आसपासची आहे. (मुलींच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९२९ मध्ये आला. त्याचं नाव हरबिलास सारडांवरून पडलं, नाटकावरून नव्हे. पण हा योगायोग मुलांना जरूर सांगावा.) या नाटकातलं लग्न मोडतं कशाने? मुलीवर अन्याय होतोय हे मांडवातल्या लोकांना उमगलं म्हणून नाही. वधूवर सगोत्र निघाले म्हणून. मुलीचं रडणं जे थांबवू शकलं नाही ते गोत्राने थांबवलं. आणि त्यानंतरही ती सुटत नाही. अर्धं लग्न लागलेली म्हणून तिच्या वाट्याला नदीच येते, आणि तिथून कोदंड हा तरुण तिला वाचवतो. ‘सर्वांना आपली चूक कळली’ असं एक वाक्य टाकून हे सगळं गोळीबंद करता येतं. तसं केलं की मुलांना दिलासा मिळतो, आणि देवलांनी समाजासमोर धरलेला आरसा काढून घेतला जातो. गोत्राचा प्रसंग आहे तसा सांगितला तर मूल विचारेल, ‘गोत्र वेगळं असतं तर?’ देवलांना प्रेक्षकाने घरी जाताना हेच विचारायला हवं होतं, असं मला वाटतं.

पदांचं काय करायचं, हा संगीत नाटकांपुरता प्रश्न राहतो, आणि तो खरोखर कठीण आहे. गद्यात मध्येच पद छापलं की मुलं ते ओलांडून पुढे जातात. पदाचा अर्थ सांगितला की त्यातला सूर जातो. ‘शारदे’त नवरदेवाच्या वयाची थट्टा करणारं पद ही नुसती सजावट नाही, नाटकाचा सगळा राग त्या थट्टेत आहे. मला वाटतं, सगळी पदं घेण्याचा हट्ट सोडावा, एक-दोनच घ्यावीत आणि ती कोण गातंय, तेव्हा खोलीत कोण होतं, कोण ऐकून न ऐकल्यासारखं करत होतं, हे गोष्टीत दाखवावं. बाकी पदं मुलं ऐकतील. ध्वनिमुद्रणं आहेत.

परीक्षेच्या गाइडांनी या सगळ्याला बदनाम केलं, हे मी मान्य करते. कथानकाचा सारांश, पात्रांची स्वभाववैशिष्ट्यं पाच ओळींत, नाटकाचा संदेश दोन ओळींत. असा सारांश वाचलेलं मूल मूळ नाटकाकडे कधीच वळत नाही. आपल्याला नाटक ‘झालं’ असं त्याला वाटतं. पुनर्कथनाच्या विरोधकांची भीती इथून येते आणि ती रास्त आहे. पण गाइड हे काही फार सोपं केलेलं नाटक नाही. ते निकालपत्र आहे. स्वभाववैशिष्ट्यं: शायलॉक, लोभी व क्रूर. त्याच्या विरोधात उभी राहू शकते ती चांगली सांगितलेली गोष्टच, कारण ती वाचून झाल्यावर मुलाच्या मनात काहीतरी राहून गेलेलं असतं.

‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ मला सांगायचं असतं तर मी शायलॉक कसा होता यापासून सुरुवात केली नसती. रिआल्टोवरच्या भर बाजारातून केली असती. दोन मित्र एका माणसाकडे तीन हजार डुकॅट उसने मागायला आलेत. त्यांतल्या एकाला हा सावकार चांगला ओळखतो. सावकार म्हणतो, तुम्ही मला कुत्रा म्हणालात, माझ्यावर थुंकलात, कुत्र्याकडे कधी पैसे असतात का? निवेदकाने इथे एक शब्दही बोलू नये. अँटोनिओचं उत्तर नाटकात आहे तसंच येऊ द्यावं: मी तुला पुन्हा तसंच म्हणेन, पुन्हा थुंकेन, पुन्हा लाथ मारेन. आणि मग लिहावं की एवढं बोलून झाल्यावर अँटोनिओने त्याच माणसासमोर करारावर सही करायचं कबूल केलं.